मानमोडी: एक शब्द, दोन आजार

आज कोंबड्यांबद्दल बोलायचं आहे. पण लसीकरण कधी करायचं, एवढं सांगून मी थांबणार नाही. आज थोडा इतिहास सांगणार आहे, कारण खुराड्यातल्या मरतुकीकडे आपण कसं बघतो ते त्या इतिहासानं ठरवलेलं आहे.

डहाणू-तलासरीच्या कुठल्याही पाड्यावर कोंबड्या मरायला लागल्या की पहिला शब्द कानावर येतो, मानमोडी. आदल्या दिवशी कोंबडी पंख पाडून एका कोपऱ्यात बसलेली असते, हिरवट पातळ हगते, मान वाकडी करते, आणि सकाळी खुराडं उघडावं तर दोन-चार आडव्या. गावभर बातमी होते, 'मानमोडी आली.' पशुवैद्यक डॉक्टर त्याच आजाराला राणीखेत म्हणतात.

पण शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात मानमोडी म्हटलं की कोंबडी डोळ्यांसमोर येत नसे, माणूस येत असे. १९१८ साली जगभर इन्फ्लुएंझाची महाभयंकर साथ आली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी तिला मानमोडी म्हटलं. घरातल्या जुन्या माणसांकडून 'मानमोडीच्या साली' असं काही तुमच्यापैकी कुणी ऐकलं असेल, तर ते साल हेच. माणसाचा ताप आणि कोंबडीचा रोग यांना लोकांनी एकच नाव दिलं. लोकांनी फक्त बघितलं होतं की धडधाकट जीव एका-दोन दिवसांत मान टाकतो. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, नजर होती.

ती साथ आपल्याकडे कशी आली हे नीट नोंदलेलं आहे. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि सैनिकांची जहाजं मुंबई बंदरात येत होती. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेल्या सात पोलीस शिपायांना ताप भरला म्हणून रुग्णालयात नेलं. उन्हाळ्यातली ती लाट त्या मानानं सौम्य होती. पावसाळा सरता सरता दुसरी लाट आली ती मात्र जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. रेल्वेनं ताप देशभर नेला. देशात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक हे एकच.

आणि एक गोष्ट, जी शाळेच्या पुस्तकात आपल्याला कुणी शिकवली नाही. त्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रमाणात मेल्या. त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्याही ते लक्षात आलं होतं. बायका आधीच अर्धपोटी होत्या, त्यात दुष्काळाचं वर्ष, आणि घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच. स्वतः तापलेली असली तरी पाणी तीच आणायची, चूल तीच पेटवायची. पुढे मी कोंबड्यांबद्दल जे सांगणार आहे ते ऐकताना हे ध्यानात ठेवा.

१९१८ चा तो विषाणू नेमका कसा होता हे कळायला जवळपास नव्वद वर्षं लागली. उत्तर ध्रुवाजवळ अलास्कात एका गावाची सामूहिक दफनभूमी होती. तिथली माती बाराही महिने गोठलेली असते. तिथं पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसाचा तुकडा १९९७ साली मिळाला. तो आणि जुन्या लष्करी रुग्णालयांनी जपून ठेवलेले नमुने यांच्या मदतीनं शास्त्रज्ञांनी २००५ पर्यंत त्या विषाणूची सगळी रचना उलगडली. ती पक्ष्यांच्या फ्लूशी खूप मिळतीजुळती निघाली. तो कोंबडीकडून थेट माणसात आला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मधे दुसरा प्राणी होता का, यावर अजून वाद आहे. पण मूळ पक्ष्यांकडे जातं, हे बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे आपल्या पणज्यांनी माणसाच्या आणि पाखराच्या दुखण्याला एक नाव ठेवलं, ते नकळत का होईना, फार चुकलं नव्हतं.

आता कोंबडीच्या मानमोडीकडे वळू. हा आजार १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ ओळखला गेला. आपल्या देशात तो १९२७ मध्ये कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत इथं सापडला, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव राणीखेत. तो फ्लू नाही. त्याचा विषाणू वेगळ्या घराण्यातला आहे. माणसाला त्याच्यापासून फार तर डोळे लाल होतात, तेही थोडे दिवस. त्यावर चांगली लस आहे, स्वस्त आहे. मग अडचण कुठे आहे? राणीखेत आणि बर्ड फ्लू खुराड्यात दिसायला जवळजवळ सारखे. दोन्हींत कोंबड्या एकामागून एक पडतात, दोन्हींत मान वाकडी होऊ शकते, दोन्हींत हिरवी हागवण. नुसत्या नजरेनं भलेभले डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाहीत. मानमोडी हा आपला शब्द दोन्ही आजारांना झाकतो, आणि 'दरवर्षीचीच आहे' म्हणत आपण पाठ फिरवतो.

पाठ फिरवणं परवडत नाही, कारण कोंबडी आपल्याकडे नुसतं खाणं नसतं. बचत गटाच्या वहीत महिन्याला शंभर-दोनशे रुपये लिहिले जातात, ती आपली कागदावरची बचत. कागदाबाहेरची बचत अंगणात दाणे टिपत फिरते. पोराला वह्या घ्यायच्या, सासूला दवाखान्यात न्यायची, गाडीभाडं नाही, तर कोंबडी टोपलीत घालून बाजारात न्यायची. पाहुणा आला की कोंबडी, देवाचं असलं की कोंबडी. नवऱ्याला न विचारता बाई जे विकू शकते त्यात कोंबडी पहिली. नव्या सुनेला कुणीतरी एक तलंग अर्धलीनं देतं, तिची पिल्लं वाटून घेतात, आणि दोन वर्षांत सुनेचं स्वतःचं खुराडं उभं राहतं. मी गटांच्या बैठका घेत फिरते तेव्हा कर्जाचा हप्ता कुठून आला असं विचारलं तर निम्म्या वेळा उत्तर कोंबडीतच सापडतं. सरकारी तक्त्यात मात्र हिला 'परसातील कुक्कुटपालन' म्हणतात. शब्द छान आहे, पण त्यात बाई दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला शेडमधली कोंबडी वाढली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती आली, अंड्याच्या जाहिराती घरोघर पोचल्या. बघता बघता महाराष्ट्र कोंबडीच्या धंद्यात मोठा झाला. एका शेडमध्ये पाच हजार, दहा हजार पक्षी. अंगणात एक कोंबडी आजारी पडली तर दहा मरतील, शेडमध्ये शिरलेला रोग आठवड्यात हजारो जीव घेतो, आणि प्रत्येक आजारी पक्ष्यात विषाणूला बदलायची एक नवी संधी मिळते. हे धंद्याला दोष द्यायला सांगत नाही. आपल्या बायका-पोरीही शेडमध्ये मजुरी करतात, त्यावर घरं चालतात. पण धोका वाढला तो इथून, हे झाकायचं कशाला?

तो धोका जगानं पहिल्यांदा हाँगकाँगमध्ये पाहिला. १९९७ साली तिथं एच५एन१ नावाचा बर्ड फ्लू थेट माणसांत आला. १८ जणांना झाला, ६ जण दगावले. जिवंत कोंबड्यांच्या बाजारातून तो येतोय हे कळल्यावर डिसेंबरच्या अखेरीस तिथल्या सरकारनं तीन-चार दिवसांत शहरातल्या दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारून टाकल्या. पुढे तिथं बाजारात बदक आणि कोंबडी एकत्र ठेवायला बंदी झाली आणि महिन्यातून एक दिवस सगळे पिंजरे रिकामे करून धुवायचा नियम आला. पिंजरा रिकामा करून धुवायचा आणि सुकू द्यायचा, एवढी साधी गोष्ट. त्यानं बाजारातला विषाणू कमी झाला, हे तपासून पाहिलेलं आहे. आपल्या आठवडी बाजारात डालग्यात कोंबड्या, बदकं, कबुतरं एकावर एक दाटीनं बसवलेली असतात. तिथून घरी आणलेल्या कोंबडीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

आता आपल्या राज्यात येऊ. २००६ चा जानेवारी. तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला एका गरीब घरातली तीन भावंडं बर्ड फ्लूनं गेली. कडाक्याच्या थंडीत कोंबड्या घरातच घेतलेल्या होत्या, त्यातल्या आजारी कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या, पोरं त्यांच्याशी खेळली होती. ती बातमी आली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांत कोंबड्या मरायला सुरुवात झाली.

नवापूर तालुका आपल्यासारखाच, आदिवासी वस्तीचा आणि गुजरातच्या कुशीत. तिथलं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. भोवती अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड. जानेवारीच्या शेवटापासून हजारोंनी कोंबड्या मेल्या, आणि सगळे काय म्हणाले? राणीखेत. आपली जुनीच मानमोडी. पोल्ट्रीवाले तर नंतरही बरेच दिवस तेच म्हणत राहिले. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी, शनिवारी, सरकारनं जाहीर केलं की हा एच५एन१ आहे. भारतात सापडलेला हा पहिलाच बर्ड फ्लू.

मधले दोन-तीन आठवडे मला महत्त्वाचे वाटतात. त्या दिवसांत शेडमध्ये माणसं नेहमीसारखी कामाला जात होती. मेलेले पक्षी उचलत होती, पिसं झाडत होती, विष्ठा खत म्हणून भरत होती. तोंडाला ना मास्क, हाताला ना मोजे. जाहीर झाल्यावर मग पांढरे अंगभर पोशाख घातलेली पथकं आली, त्यांना आधीच औषधाच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि सुमारे तीन किलोमीटरच्या परिसरातल्या काही लाख कोंबड्या मारून चुन्यासकट खड्ड्यात पुरल्या. ताप असलेल्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसह मोठ्या प्रयोगशाळांत तपासले. एकालाही बर्ड फ्लू निघाला नाही. थोडं नशीब, थोडी पथकांची मेहनत. नशिबाचा वाटा किती होता हे मोजता येत नाही, म्हणून त्यावर पुढच्या वेळी भिस्त ठेवता येत नाही.

त्या तीन किलोमीटरांत फक्त शेड नव्हत्या. पाड्यांवरच्या गावठी कोंबड्याही होत्या. त्याही गेल्या. नियम बरोबरच होता, विषाणू शेडची आणि अंगणाची कोंबडी वेगळी ओळखत नाही. पण शेडवाल्याचा धंदा पुन्हा उभा राहतो, त्याच्याकडे बँक असते, संघटना असते, पुढाऱ्याचा फोन असतो. पाच कोंबड्या गेलेल्या बाईसाठी कुणी मोर्चा काढला नाही. वर्तमानपत्रांत तेव्हा काय छापून आलं? चिकनचे भाव कोसळले, रेल्वेच्या आणि विमानाच्या जेवणातून कोंबडी गेली, पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यापुढे तंगडी खाऊन दाखवली. खरं तर नीट शिजवलेल्या कोंबडीत धोका नसतोच, सत्तर अंशांच्या वर विषाणू मरतो, आपला रस्सा तर खदखदा उकळतो. धोका कापताना आणि सोलताना असतो, आणि कापते-सोलते कोण, हे त्या पुढाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

महिन्याभरात, मार्चच्या मध्याला, जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तोच विषाणू सापडला, आणि तिथं तर शेड नव्हत्याच मुख्यतः. अंगणातल्या कोंबड्या होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये देश बर्ड फ्लूमुक्त असल्याचं जाहीर झालं. पुढे २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये याहून मोठी साथ आली. १९ पैकी १३ जिल्हे, ४० लाखांच्या आसपास पक्षी मारले, आणि बहुतेक घरगुती. बाया पथक यायच्या आधी कोंबड्या घरात लपवतात, रातोरात माहेरच्या गावी पोचवतात, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. शहरातल्या लोकांनी त्यांना अडाणी म्हटलं. मला त्या अडाणी वाटत नाहीत. समोरचा माणूस आज कोंबडी घेऊन जाणार, पैसे कधी देणार ते सांगत नाही, आणि उद्या फी भरायची आहे. या हिशोबात लपवणं चूक आहे, पण न कळण्यासारखं नाही. आणि नेमकी ती लपवलेली कोंबडीच रोग माहेरी नेते.

इथं एक नियम सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. सरकार भरपाई देतं ती जिवंत असताना मारलेल्या पक्ष्याची. रोगानं आधीच मेलेल्या कोंबडीचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे दहातल्या दोन मेल्यावर कळवलं तर उरलेल्या आठांचा पंचनामा होतो. आठ मेल्यावर कळवलं तर दोघींचाच. पहिल्या दिवशी कळवणाऱ्या बाईचंच पारडं जड राहतं. दर बाजारभावाएवढा नसतो हेही खरं. आपल्या गावठी कोंबडीला बाजारात जो भाव मिळतो तो सरकारी तक्त्यात दिसत नाही, आणि यावर ग्रामसभेत बोललं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पण कमी मिळणं आणि काहीच न मिळणं यांत फरक आहे. आणि ते मिळायला कोंबड्या किती होत्या याचा कागद लागतो. शेडवाल्याकडे रजिस्टर असतं. आपल्याकडे काय असतं?

नवापुरानंतर बरीच वर्षं आपल्या देशात माणसाला बर्ड फ्लू झाल्याचं आढळलं नाही, म्हणून अनेकांना वाटलं की आपल्याकडे होतच नाही. २०१९ साली मेळघाटात, अमरावतीच्या कोरकू आदिवासी भागात, सतरा महिन्यांच्या एका बाळाला ताप, खोकला, धाप लागली. तिथं बालमृत्यूंचा अभ्यास चालू होता म्हणून बाळाचा नमुना पुण्याला गेला, आणि पक्ष्यांच्या फ्लूचा एक सौम्य प्रकार, एच९एन२, सापडला. माणसात तो देशात पहिल्यांदाच सापडला. बाळ बरं झालं. कोंबडीशी त्याचा थेट संबंध आल्याचं काही निघालं नाही. अभ्यास चालू नसता तर तो ताप 'साधा ताप' म्हणूनच गेला असता. आपल्या पाड्यांवर असे किती साधे ताप येतात आणि जातात. २०२१ च्या जुलैमध्ये मात्र दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा एच५एन१नं गेला. देशातला हा पहिला मृत्यू. २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची मुलगी गेली. तिला कच्च्या कोंबडीचा तुकडा खायला दिला होता, असं तपासात पुढे आलं. जगभरात २००३ पासून एच५एन१ झालेली माणसं हजाराच्या आसपास, आणि त्यातली जवळपास निम्मी वाचली नाहीत. माणसाला हा आजार सहज होत नाही, पण झाला तर असा होतो.

आणि तो आपल्यापासून लांब राहिलेला नाही. २०२१ च्या सुरुवातीला परभणीच्या मुरुंब्यात आठशे कोंबड्या मेल्या, फेब्रुवारीत पुन्हा नवापूर, आणि त्याच महिन्यात आपल्या पालघरमध्ये एका कुक्कुटपालन केंद्रात बर्ड फ्लू निघाला. २०२२ च्या फेब्रुवारीत शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत सापडला, तिथं पंचवीस हजारांच्या आसपास पक्षी मारावे लागले. २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरमध्ये, त्याच सुमारास उदगीरमध्ये कावळे, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात तर तीन वाघ आणि एक बिबट्या. तारखा बघा. जानेवारी, फेब्रुवारी. थंडीत विषाणू विष्ठेत आणि चिखलात जास्त दिवस टिकतो, आणि त्याच दिवसांत स्थलांतर करणारे पक्षी आपल्या खाड्यांवर आणि धरणांवर उतरलेले असतात. त्या पक्ष्यांना दगड मारायची गरज नाही. रोग एका गावातून दुसऱ्या गावात नेण्यात गाड्यांचा, पिंजऱ्यांचा आणि आपल्या चपलांचाही मोठा हात असतो.

नवापूरचा धडा तलासरीला जास्त लागू आहे. आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात, पलीकडे सिल्वासा. कोंबड्यांच्या गाड्या हायवेनं रात्रंदिवस जातात. आपल्या नातेवाइकांच्या सोयरिकी भिलाड-उंबरगावपर्यंत आहेत. कोंबडी हद्द बघून फिरत नाही, पण सरकारी पथक हद्द बघून थांबतं. नवापूर-उच्छलला दोन राज्यांना एकत्र काम करावं लागलं होतं. आपल्याकडे तशी वेळ आली तर पलीकडच्या मामाच्या घरी काय चाललंय ही बातमी पहिल्यांदा आपल्या बायकांकडेच असेल.

म्हणून आमच्या काही गटांत एक गोष्ट सुरू आहे. महिन्याच्या बैठकीत बचतीची वही झाली की शेवटच्या पानावर प्रत्येकीच्या कोंबड्यांचा आकडा लिहायचा. किती मोठ्या, किती पिल्लं, किती मेल्या, किती विकल्या. दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्यांदा बाया हसल्या, एक मावशी म्हणाली, 'कोंबड्या मोजल्या तर नजर लागंल.' मी म्हटलं, पैसे मोजतो तेव्हा नाही लागत. आता तीच मावशी सगळ्यात आधी आकडा सांगते. हे पान पंचनाम्याच्या दिवशी काहीतरी हातात असावं म्हणून आहे, आणि एकाच आठवड्यात तीन घरी मरतूक झाली तर ती वहीत एका नजरेत दिसावी म्हणूनही.

मरतूक दिसली की काय करायचं ते आता सांगते. पडलेली कोंबडी 'मरायच्या आधी कापून घेऊ' हा विचार मनातून काढा. गरिबीत तो येतो, मला माहीत आहे. पण आजारी कोंबडी कापताना रक्त, पिसं, आतडी यांतून विषाणू थेट हातातोंडाला लागतो. तुर्कस्तानातली भावंडं आठवा. ती स्वस्तात विकू पण नका, आणि मेलेली नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका, कुत्री आणि कावळे ती गावभर करतात. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, तोंडाला पदर घट्ट बांधा, पोरांना लांब ठेवा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या नंबरवर कळवा. तपासणीला नमुना हवा असतो म्हणून ते येईपर्यंत मेलेला पक्षी झाकून ठेवा. त्यांनी सांगितलं की खोल खड्डा, वर चुना. नंतर हात साबणानं धुवा. राख नको, साबणच, कारण या विषाणूचं वरचं आवरण साबणानं फुटतं. पुढच्या दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला, धाप लागली तर आशाताईला किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आपणहून सांगा की घरी कोंबड्या मेल्या होत्या. ते विचारतीलच असं नाही. औषध आहे, पण ते पहिल्या दोन दिवसांत दिलं तर जास्त लागू पडतं.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. शेडमध्ये कामाला जाणाऱ्या बाईनं तिथली चप्पल तिथंच सोडावी, घरी येऊन आधी आंघोळ, मग पोराला घ्यावं. आणि कोंबड्या झोपायच्या खोलीत घेऊ नयेत. रानमांजराची, चोराची भीती असते, मान्य, पण भिंतीला लागून जाळीचं खुराडं बांधता येतं. त्याचा खर्च गटाच्या कर्जातून दोन हप्त्यांत फिटतो.

राहिली लस. बर्ड फ्लूची नव्हे, राणीखेतची. खरी मानमोडी लसीनं थांबली तर कोंबड्या उगाच मरणार नाहीत, आणि लस दिलेल्या कळपात एकदम मरतूक झाली तर ते काहीतरी वेगळं आहे अशी शंका लगेच येईल. दोन आजार वेगळे ओळखायचा आपल्यापाशी असलेला स्वस्त उपाय हाच. पिल्लं आठवड्याची झाली की डोळ्यात किंवा नाकात थेंब, मग दोन महिन्यांच्या सुमाराला पंखाखाली सुई. अडचण एवढीच की बाटली शंभर कोंबड्यांची असते, एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि ती बर्फावर आणावी लागते. एका घरी दहा कोंबड्या. म्हणून अख्खा पाडा एकाच दिवशी. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी, खुराड्याच्या दारातच. पशुसखी बर्फाचा डबा घेऊन येईल, तिला बसभाडं आणि बाटलीचा वाटा गटातून द्यायचा, कोंबडीमागे रुपया-दोन रुपयेच पडतात. दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आत हे उरकायचं आहे. तेव्हा या आठवड्यात आपापल्या वहीच्या शेवटच्या पानावरचा पिल्लांचा आकडा पशुसखीला कळवा, म्हणजे किती बाटल्या मागवायच्या ते तिला ठरवता येईल.